विश्रामबागमधली 'गोष्टीतून संवाद' कार्यशाळा: सकाळच्या स्लाइड सोडा, सराव सोडू नका

शनिवार-रविवार, सकाळी दहा ते संध्याकाळी पाच. फी १८०० रुपये. त्यात दोन वेळचा चहा, दुपारचं जेवण आणि ३४ पानांची वही. सांगलीत विश्रामबागमध्ये एका हॉलात भरणारी ही कार्यशाळा गोष्ट सांगून आपलं म्हणणं पोचवायला शिकवते. बॅच २८ जणांची. येणारे म्हणजे माध्यमिक शिक्षक, औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, विमा एजंट, द्राक्षबागांचे सल्लागार, बचत गट चालवणाऱ्या बायका आणि एखादा निवडणुकीचा इच्छुक. नाव देत नाही, कारण खालचा बराचसा मजकूर स्लाइडमधल्या चुकांवर आहे, आणि याच चुका पुण्यातल्या चौपट फीच्या कार्यशाळांतही तशाच्या तशा दिसतात.

निकाल आधीच सांगतो. पहिली सकाळ वाया, पहिली दुपार बरी, दुसरा दिवस पैसे वसूल.

सकाळी 'मेंदू आणि गोष्ट' या नावाखाली ४० स्लाइड दाखवतात. त्यातली पहिली म्हणते, आकडे डाव्या मेंदूला जातात आणि गोष्ट उजव्या. ही वाटणी मेंदूच्या चित्रणांत दिसत नाही. गोष्ट ऐकताना दोन्ही बाजू कामाला लागतात: आवाज ओळखणारे भाग, भाषेचे भाग आणि दूरचे धागे जोडून अर्थ लावणारे भाग. दुसरी स्लाइड म्हणते, गोष्ट आकड्यांपेक्षा २२ पट लक्षात राहते. हा आकडा मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांच्या नावावर खपवला जातो; त्यामागचा प्रयोग मात्र कोणी दाखवत नाही. खरा प्रयोग हवा असेल तर तो १९६९ सालचा आहे. गॉर्डन बाउअर आणि मायकेल क्लार्क यांनी विद्यार्थ्यांना प्रत्येकी १० नामांच्या १२ याद्या दिल्या. एका गटाला सांगितलं, यादीतले शब्द क्रमाने गुंफून गोष्ट रचा. दुसऱ्या गटाला नुसतं पाठ करायला सांगितलं. प्रत्येक यादी संपल्या संपल्या विचारलं तेव्हा दोन्ही गट सारखेच. सगळ्या याद्या शेवटी एकदम विचारल्या तेव्हा गोष्टवाल्यांना साधारण ९३ टक्के शब्द आठवले, पाठ करणाऱ्यांना १३ टक्के. स्लाइडवर हे असतं तर '२२ पट' या थापेची गरजच नव्हती. शिवाय यात एक बारकावा आहे जो कार्यशाळेला परवडला असता: फायदा गोष्ट *रचणाऱ्याला* झाला. म्हणजे वर्गात आयती गोष्ट ऐकवण्यापेक्षा पोरांकडून ती बांधून घेतली तर जास्त पदरात पडतं.

तिसरी स्लाइड ऑक्सिटोसिनची. 'गोष्ट ऐकली की विश्वासाचं रसायन स्रवतं, ग्राहक सही करतो.' विमा एजंट इथे वहीत ठळक खूण करतात. पॉल झॅक यांच्या प्रयोगांत लोकांना आजारी मुलाची आणि बापाची छोटी चित्रफीत दाखवून आधी-नंतर रक्त तपासलं होतं, हे खरं. पण रक्तातल्या ऑक्सिटोसिनवरून मेंदूत काय चाललंय हे सरळ वाचता येत नाही, आणि नाकात ऑक्सिटोसिनचा फवारा मारून विश्वास वाढतो हे नंतरच्या प्रयोगांत खात्रीने परत दिसलेलं नाही. या स्लाइडच्या भरवशावर पॉलिसी विकायला जाऊ नये.

चौथी स्लाइड मात्र कामाची, आणि तिच्यावर हे लोक जेमतेम तीन मिनिटं घालवतात. २०१० साली अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात ग्रेग स्टीफन्स, लॉरेन सिल्बर्ट आणि उरी हॅसन यांनी एका बाईला एफएमआरआय यंत्रात (मेंदूतल्या हालचालीचं चित्र काढणाऱ्या) झोपवून तिच्या आयुष्यातली एक खरी हकीकत, कसलीही तालीम न करता, सांगायला लावली. ती ध्वनिमुद्रित केली आणि मग डझनभर श्रोत्यांना त्याच यंत्रात ऐकवली. सांगणारीच्या मेंदूतले चढउतार श्रोत्यांच्या मेंदूत काही सेकंदांच्या अंतराने उमटत गेले. हीच तपासणी श्रोत्यांना न कळणाऱ्या रशियन भाषेतल्या गोष्टीवर केली तेव्हा ते जुळणं गेलं. इथपर्यंत स्लाइड सांगते. पुढचं सांगत नाही, आणि पुढचं महत्त्वाचं: काही भागांत श्रोत्याचा मेंदू सांगणाऱ्याच्या *पुढे* धावत होता. पुढं काय येणार याचा अंदाज बांधत होता. हे पुढे धावणं ज्या श्रोत्यांत जास्त, त्यांना गोष्टही जास्त कळलेली निघाली.

श्रोत्याला अंदाज बांधायला जागा आणि सामान दोन्ही द्यायचं, एवढंच या कार्यशाळेचं खरं सूत्र आहे. त्यांच्या दुसऱ्या दिवशीच्या सगळ्या कसरती नेमक्या तेवढंच करून घेतात, फक्त त्यांना ते शब्दांत सांगता येत नाही.

पहिल्या दुपारची कसरत 'आणि मग' काढून टाकण्याची. प्रत्येकाने आपल्या कामातला एक प्रसंग लिहायचा, साधारण १५० शब्द. मग त्यातल्या प्रत्येक 'आणि मग'खाली रेघ मारायची आणि तिथे 'म्हणून' किंवा 'पण' बसतं का ते पाहायचं. बसत नसेल तर ते वाक्य गोष्टीतलं नाही, काढा. बागेच्या सल्लागाराचा मजकूर असा असतो (डावणी म्हणजे द्राक्षावरचा बुरशीचा रोग): 'फळछाटणी झाली, आणि मग पाऊस आला, आणि मग डावणी आली, आणि मग फवारणी केली, तरी घड गेले.' बदलून होतो: 'पाऊस थांबला, पण पानं रात्रभर ओली राहिली, म्हणून डावणी रुजली. फवारणी झाली, पण पावसानंतर. स्पर्शजन्य औषध पानावर आधी असावं लागतं, म्हणून घड गेले.' शेतकरी दुसरा मजकूर ऐकून ढग दिसल्यावर पंप काढतो. पहिला ऐकून 'बिचाऱ्याचं नशीब' म्हणतो. ट्रॅबासो आणि व्हॅन डेन ब्रूक यांनी १९८५ मध्ये हेच दाखवलं होतं: गोष्टीतल्या ज्या घटनेला कार्यकारणाचे धागे जास्त, ती जास्त आठवते आणि लोकांना जास्त महत्त्वाचीही वाटते.

ही कसरत फसते ती बहुतेक एकाच ठिकाणी. लोक 'म्हणून' नुसताच चिकटवतात. 'आम्ही बचत गट काढला म्हणून गावाचा विकास झाला.' मधली पायरी गायब. कर्ज कोणी घेतलं, कशासाठी, फेडलं कसं? मार्गदर्शक इथे टाळ्या वाजवून पुढे जातात. त्यांनी 'कसं?' हा एकच प्रश्न तीनदा विचारला तरी मजकूर उभा राहील.

रविवारी सकाळी तिघांची टोळी करतात. एक सांगणार, एक ऐकणार, एक लिहून घेणार. ९० सेकंदांची गोष्ट, घड्याळ लावून. गंमत पुढे आहे. ऐकणाऱ्याने तीच गोष्ट जेवणानंतर दुसऱ्या टोळीतल्या माणसाला सांगायची आणि त्याने ती फळ्याजवळ उभं राहून सगळ्यांना. लिहून घेणारा मूळ कागद वाचतो आणि खडूने तीन रकाने भरतात: काय टिकलं, काय गळलं, काय नवीन घुसलं. आकडे बहुतेक पहिल्याच खेपेला गळतात. नावं बदलतात. जे ऐकणाऱ्याला अनोळखी असतं ते त्याच्या ओळखीच्या वस्तूत रूपांतरित होतं. केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ साली परक्या लोककथा पुन्हापुन्हा सांगायला लावून हेच टिपलं होतं. टिकते ती कारणांची साखळी आणि एखादी हाताला लागणारी वस्तू. आपल्या गोष्टीतला कुठला भाग लोक घरी नेतात हे इतक्या स्वस्तात दुसरीकडे कुठेच कळणार नाही. फक्त या कसरतीसाठी १८०० रुपये द्यावेत.

यातलं लिहून घेणाऱ्याचं काम मात्र नीट समजावत नाहीत, त्यामुळे अर्ध्या टोळ्यांत तो माणूस नुसता ऐकत बसतो आणि रकाने भरायला मूळ कागदच नसतो. टोळीत बसताच कागदाचे उभे दोन भाग करा. डावीकडे सांगणाऱ्याची वाक्यं जशीच्या तशी, उजवीकडे ऐकणाऱ्याचा चेहरा कुठे बदलला त्याच्या खुणा. दोन्ही लिहायला ९० सेकंद पुरतात.

त्यानंतरचा हुंकाराचा खेळ साधा आहे आणि फार बोलका. आजी गोष्ट सांगताना 'हूं' म्हणायला लावायची, नाहीतर गोष्ट थांबायची. तेच इथे उलटं करून दाखवतात. पहिल्या फेरीत ऐकणारा हुंकार देतो, भुवया उंचावतो, 'अगं बाई' म्हणतो. दुसऱ्या फेरीत त्याला कानात सांगतात, सांगणाऱ्याच्या बोलण्यात 'क'ने सुरू होणारे शब्द किती आले ते बोटांवर मोज. सांगणाऱ्याला याचा पत्ता नसतो. तरी त्याची गोष्ट शेवटाला कोसळते. तो शेवट दोनदा सांगतो, उगाच समजावत बसतो, 'म्हणजे तसं काही झालं नाही म्हणा' असं पुटपुटतो. जॅनेट बावेलास आणि सहकाऱ्यांनी २००० साली इंग्रजी 't' अक्षर मोजायला लावून अगदी हाच परिणाम नोंदवला होता. मोबाइलमध्ये डोकं घातलेल्या वर्गापुढे चांगला शिक्षकही कंटाळवाणा का होतो, हे या दहा मिनिटांत कळतं. आणि देवीच्या गोंधळात मुख्य गोंधळ्याला, म्हणजे नाईकाला, मध्येच अडवून प्रश्न विचारणारा साथीदार का लागतो, तमाशात सोंगाड्या का लागतो, हेही. तो तिथे श्रोत्यांचा हुंकार असतो, फक्त पगारी.

वास आणि स्पर्शाच्या शब्दांची कसरतही चांगली, पण अतिरेकाने बिघडते. विज्ञान खरं आहे: २००६ मध्ये स्पेनमध्ये हुलिओ गोन्सालेस यांच्या गटाने दाखवलं की दालचिनीसारखा वासाचा शब्द नुसता वाचला तरी मेंदूतला वासाचा भाग जागा होतो. २०१२ मध्ये एमरी विद्यापीठात 'खडबडीत दिवस' अशा धाटणीची स्पर्शाची रूपकं ऐकताना स्पर्श जाणणारा भाग उजळताना दिसला. म्हणून वही सांगते, प्रत्येक वाक्यात एक इंद्रिय घाला. परिणामी हळदीच्या व्यापाऱ्याची ९० सेकंदांची गोष्ट काहिलीत शिजणाऱ्या हळदीचा वास, पोत्याचा खरखरीत स्पर्श, घामाची खारट चव आणि बैलगाडीच्या घुंगरांचा आवाज यांनी इतकी भरते, की सौदा का फिसकटला ते सांगायला वेळच उरत नाही. एका गोष्टीत एक वास पुरे, आणि तो ज्या क्षणी निर्णय होतो त्या क्षणाला द्यावा. पोतं उघडलं, हळदीला कुबट वास आला, व्यापाऱ्याने हात मागे घेतला. बाकी सगळं कोरडं चालेल.

आकड्यांचं काय करायचं यावर कार्यशाळेचा सल्ला 'आकडे टाळा' असा आहे. अर्धवट सल्ला. २००७ च्या एका प्रसिद्ध प्रयोगात लोकांना ५ डॉलर देऊन त्यातून देणगी मागितली. रोकिया या सात वर्षांच्या मुलीची हकीकत वाचलेल्यांनी सरासरी २.३८ डॉलर दिले, दुष्काळाची आकडेवारी वाचलेल्यांनी १.१४, आणि दोन्ही एकत्र वाचलेल्यांनी १.४३. म्हणजे गोष्टीला आकडे चिकटवले की गोष्टही पातळ होते. पण सांगलीकराला हे सांगायला नको की एखादा आकडा स्वतःच गोष्ट असतो. कृष्णेच्या पुराची पातळी इथे आयर्विन पुलापाशी मोजतात. 'आयर्विनला ४० फूट' म्हटलं की इशारा, ४५ म्हटलं की धोका, आणि दत्तनगर, सूर्यवंशी प्लॉट अशा पूर शिरणाऱ्या वस्त्यांमध्ये कोणाला सामान वर चढवायचं ते आपोआप कळतं. २०१९ साली तोच आकडा ५७च्या वर गेला होता, आणि तो ज्याने पाहिलाय त्याला विशेषण लागत नाही. आकड्यामागे ऐकणाऱ्याचा अनुभव उभा असेल तर आकडा ठेवा, एकच ठेवा. नदीत किती पाणी सुटलं ते क्युसेकमध्ये सांगायला गेलात तर माणूस 'म्हणजे किती फूट?' असंच विचारणार.

शीर्षक आधी की शेवटी, या मुद्द्यावर आमचा आणि मार्गदर्शकांचा सरळ मतभेद आहे. ते म्हणतात, गोष्ट थेट मध्यातून सुरू करा, मुद्दा शेवटी फोडा, लोक खिळून राहतात. करमणुकीत चालेल. पण समजावून सांगायचं असेल तर उलटं. ब्रॅन्सफर्ड आणि जॉन्सन यांनी १९७२ मध्ये कपडे धुण्याचं वर्णन करणारा एक परिच्छेद, कपडे हा शब्द न वापरता, लोकांना ऐकवला. विषय आधी सांगितला तर कळला आणि आठवला. न सांगता ऐकवला तर डोक्यावरून गेला. आणि ऐकून झाल्यावर विषय सांगितला तरी फारसा उपयोग झाला नाही. अंदाज बांधायला सामान नसेल तर मेंदू पुढे धावणार कशाच्या जोरावर? नारदीय कीर्तनात पूर्वरंगात अभंग घेऊन निरूपण होतं आणि आख्यान उत्तररंगात येतं, ते उगाच नाही. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत सीतास्वयंवर हे नाटक उभं केलं तेव्हा धनुष्य कोण मोडणार हे समोरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. शिवाय सूत्रधार आधी पद्यातून कथा सांगत असे आणि नटमंडळी मग आपापलं बोलत. शेवट माहीत असूनही लोक बसले, कारण *कसं* होणार हे पाहायचं होतं. गंमत म्हणजे भाव्यांचं चित्र यांच्या एका स्लाइडवर आहे, आणि दुसऱ्याच मिनिटाला हॉलिवूडच्या नायकाचा बारा टप्प्यांचा प्रवास सुरू होतो. दीड मिनिटात हळद किंवा पॉलिसी समजावणाऱ्याने बारा टप्पे कुठे ठेवायचे?

जेवण साधं आणि चांगलं. वही सुबक, पण तिच्यातली निम्मी पानं स्लाइडचीच नक्कल. कसरतींच्या पायऱ्या कुठेच लिहिलेल्या नाहीत, त्या स्वतः टिपून घ्याव्या लागतात.

सगळ्यात मोठी उणीव भाषेची. कार्यशाळा मराठीत असली तरी तिचे नियम मराठीसाठी घडवलेले नाहीत. आपलं क्रियापद शेवटी येतं, आणि नकारही शेवटी. 'गोळ्या घेतल्याने अशक्तपणा येतो असं डॉक्टरांनी म्हटलेलं नाही' हे वाक्य एका कानातून दुसऱ्या कानात जाईपर्यंत शेवटचा 'नाही' गळतो आणि गावभर 'अशक्तपणा येतो' एवढंच पोचतं. फळ्यावरच्या तीन रकान्यांत हे दर खेपेला दिसतं, तरी कोणी बोट ठेवत नाही. उपाय सोपा: नकार मोडून होकारात सांगा ('डॉक्टर म्हणाले, गोळ्या चालू ठेवा, ताकद येते') आणि एका वाक्यात एकच क्रियापद ठेवा. 'जाऊन, पाहून, विचारून, ठरवून' अशी 'ऊन'ची माळ कागदावर शोभते. ऐकताना सगळं हातात धरून शेवटच्या क्रियापदाची वाट पाहावी लागते, आणि तोवर पहिलं सुटतं.

दुसरं, बोली. मार्गदर्शक सगळ्यांना प्रमाण भाषेत बोलायला लावतात. तासगावची बाई 'लई', 'व्हय', 'मग म्या म्हनलं' म्हणत गोष्ट सांगत असते तेव्हा तिचे विराम, आवाजाची चढण, सगळं जागेवर असतं. 'नीट मराठीत सांगा' म्हटलं की ती शब्द शोधायला लागते आणि विराम चुकीच्या जागी पडतात. संवाद तरी बोलीतच ठेवू द्यावेत. जत तालुक्याच्या पूर्वेकडच्या गावांत तर घरात कन्नडच चालतं. तिथे जाणाऱ्या आशा सेविकांसाठी या दोन दिवसांत एक ओळही नाही. प्रिन्स्टनच्या प्रयोगातला रशियन गोष्टीचा भाग त्यांच्याच स्लाइडवर असताना हे सुटावं, हे नवल आहे. गोष्टीचा सांगाडा मराठीत बसवा, पण मधला संवाद आणि शेवटची सूचना कन्नडमधून द्या, आणि ऐकणाऱ्या बाईकडून ती तिच्या शब्दांत परत वदवून घ्या.

आणखी एक सोय आहे जिची हे लोक जाहिरातही करत नाहीत: सात दिवसांनी तासाभराची ऑनलाइन बैठक, वेगळे पैसे नाहीत. त्यात प्रत्येकाने वही न उघडता आपली आणि टोळीतल्या आणखी एकाची गोष्ट सांगायची. निम्मी माणसं येतच नाहीत. चूक करतात. रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६ मध्ये दाखवलं की पुन्हा वाचणाऱ्याला पाच मिनिटांनी जास्त आठवतं, पण आठवड्यानंतर पारडं फिरतं आणि न पाहता आठवून सांगणारा पुढे जातो. या बैठकीला दांडी मारणार असाल तर रविवारची फी निम्मी पाण्यात गेली म्हणून समजा.

कोणी जावं? शिक्षक, बागसल्लागार, गटाच्या बायका, आरोग्याचं काम करणारे यांनी जरूर. औषध प्रतिनिधींना डॉक्टरापुढे मिळतो तेवढ्या वेळात बसणारी गोष्ट इथे कोणी शिकवत नाही, ९० सेकंदही त्यांना चैनीचे. निवडणुकीच्या इच्छुकांना माइकवरचं बोलणं हवं असतं, ते इथे नाहीच.

जाणाऱ्यांनी शनिवारी साडेअकराला पोचलं तरी चालेल. आपल्या कामातला एकच प्रसंग १५० शब्दांत लिहून न्या. तिथे बसून आठवायला लागलात तर पहिल्या कसरतीचा निम्मा वेळ त्यातच जातो. आणि मागच्या रांगेत, पंख्याखाली बसू नका. हॉलला पत्र्याचं छत आहे, आवाज घुमतो, आणि कुजबुजत सांगितलेला गोष्टीचा कळीचा भाग तिथपर्यंत पोचत नाही.